नळी झालेले जठर : अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेनंतरचा कर्करोग आणि दुर्बीण

अन्ननलिकेच्या कर्करोगात अन्ननलिकेचा बहुतेक भाग काढून टाकावा लागतो आणि मग तोंडातला घास पोटापर्यंत न्यायचा कसा, हा प्रश्न उभा राहतो. त्यावरचा जगभर सर्वाधिक वापरला जाणारा मार्ग जठराचा आहे. पोटाच्या डाव्या वरच्या भागातली ही पिशवी आजूबाजूच्या ऊतींपासून मोकळी करतात, तिची आतली कड स्टेपलरने कापून तिला लांबट आकार देतात आणि ती छातीत किंवा थेट गळ्यापर्यंत ओढून अन्ननलिकेच्या उरलेल्या तुकड्याला शिवतात. अशा जठराला जठरनलिका म्हणतात. रुग्ण बरा होतो, जेवू लागतो, कामाला लागतो. पुढे काही वर्षांनी याच नळीच्या अस्तरात नवा कर्करोग उद्भवू शकतो. ऊती जठराच्याच, म्हणून तो जठराचा कर्करोग. पण जठर आता पोटात नसून फुप्फुसे, हृदय आणि श्वासनलिका यांच्या शेजारी असते, आणि त्याच्या बहुतेक रक्तवाहिन्या आधीच कापलेल्या असतात. जठराच्या कर्करोगाची नेहमीची शस्त्रक्रिया इथे जशीच्या तशी लागू पडत नाही. ती छातीत आणि पोटात लहान छिद्रांतून, दुर्बिणीच्या साहाय्याने करता येते का, कुणावर करता येते आणि कुठे थांबावे लागते, हा या लेखाचा विषय आहे.

सगळा प्रश्न रक्तपुरवठ्याभोवती फिरतो, म्हणून तो आधी समजून घ्यावा लागतो. निरोगी जठराला रक्त भरपूर मिळते. आतल्या लहान वक्राच्या कडेने डावी आणि उजवी जठर धमनी येते, बाहेरच्या मोठ्या वक्राच्या कडेने डावी आणि उजवी गॅस्ट्रोएपिप्लोइक धमनी धावते, आणि वरच्या घुमटाला प्लीहेकडून आखूड धमन्या मिळतात. जठर वर ओढण्यासाठी यांतल्या बहुतेक तोडाव्या लागतात. डावी जठर धमनी जाते, प्लीहेकडच्या आखूड धमन्या जातात, डावी गॅस्ट्रोएपिप्लोइकही जाते. उरते ती मुख्यतः उजवी गॅस्ट्रोएपिप्लोइक धमनी आणि तिच्या सोबतची शीर. उजवी जठर धमनी काही सर्जन राखतात, पण तिचा वाटा थोडा असतो. जठरनलिकेचे गळ्याकडचे टोक या एका धमनीपासून सर्वांत दूर पडते. जुन्नर तालुक्यातल्या येडगाव धरणातून निघालेल्या कुकडीच्या डाव्या कालव्याचे पाणी करमाळ्याच्या टोकाला जसे सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी पोहोचते, तशी या टोकाची स्थिती असते. म्हणूनच पहिल्या शस्त्रक्रियेत सांधा गळण्याची भीती तिथेच अधिक असते. दुसऱ्या शस्त्रक्रियेत हीच धमनी चुकून दुखावली, तर सारी नळी काही तासांत निर्जीव होऊ शकते.

जठर असे वर नेण्याची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. फ्रांझ टोरेक या सर्जनने १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये एका स्त्रीच्या छातीतली कर्करोगग्रस्त अन्ननलिका काढली. जोडायला काही नव्हते, म्हणून गळ्यातले छिद्र आणि पोटावरचे छिद्र यांच्यामध्ये शरीराबाहेरून रबरी नळी बसवली. ती स्त्री पुढे सुमारे तेरा वर्षे जगली, जेवणाच्या वेळी ती नळी लावून. मार्टिन कर्शनर याने १९२० मध्ये जठर मोकळे करून छातीच्या कातडीखालून गळ्यापर्यंत नेले. १९४६ मध्ये आयव्हर लुईस याने पोट आणि उजवी छाती अशा दोन वाटांनी करायची पद्धत मांडली. मॅकीऑनने १९७६ मध्ये त्यात गळ्याची तिसरी वाट जोडली. आजही पुण्या-मुंबईच्या ऑपरेशन थिएटरमध्ये ‘आयव्हर लुईस’ आणि ‘मॅकीऑन’ हीच नावे रोज घेतली जातात. रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर यांपैकी कोणते नाव लिहिले आहे, यावरून पुढच्या सर्जनला सांधा छातीत आहे की गळ्यात, हे कळते.

नळी कोणत्या वाटेने वर नेली, हेही तितकेच महत्त्वाचे. पाठीच्या कण्यासमोर, जिथे मूळची अन्ननलिका होती, ती वाट सर्वांत सरळ आणि आखूड. दुसरी वाट उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या, पाठीमागून जाते. तिसरी कातडीखालची, ती आता क्वचितच वापरतात. पहिल्या शस्त्रक्रियेच्या दिवशी ही निवड नळीची लांबी, गाठीची जागा, आधी दिलेले किरणोपचार यांवरून होते. दहा वर्षांनी नळीतच गाठ झाली, तर त्याच निवडीवरून शस्त्रक्रिया किती अवघड जाणार ते ठरते. कण्यासमोरची नळी श्वासनलिका, महाधमनी आणि हृदयाचे आवरण यांना घट्ट चिकटलेली असते. उरोस्थीमागची नळी पुरी काढायची तर पुष्कळदा ते हाड उभे चिरावे लागते, आणि तिच्या शेजारून जाणारी मोठी शीर फाटण्याचा धोका असतो. शिवाय अशा रुग्णाचे पोट वरच्या मध्यरेषेवर उघडताना कातडीखाली थोड्याच अंतरावर नळी आणि तिची मुख्य धमनी असते. दुर्बिणीचे पहिले छिद्र तिथे पाडणे म्हणजे संकट ओढवून घेणे.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा भारतातला इतिहास महाराष्ट्रातून सुरू होतो. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी १९७२ पासून निदानासाठी पोटात दुर्बीण घालायला सुरुवात केली होती. १९९० मध्ये त्यांनी तिथेच भारतातली पहिली दुर्बिणीची पित्ताशय-शस्त्रक्रिया केली. सरकारी रुग्णालयातल्या गरीब रुग्णाला लवकर घरी आणि कामावर जाता आले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. श्रीमंतांची चैन म्हणून हे तंत्र पाहू नये असे ते मांडत. त्याच सुमारास जपानमध्ये सेइगो कितानो यांनी १९९१ मध्ये जठराच्या कर्करोगासाठी दुर्बिणीच्या मदतीने जठराचा खालचा भाग काढला, आणि १९९२ मध्ये आल्फ्रेड कुशिएरी यांनी छातीत दुर्बीण घालून अन्ननलिका काढल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. भारतीय सर्जनांचा यातला वाटा मोठा आहे. कोइमतूरचे डॉ. सी. पळनिवेलू यांनी २००६ मध्ये १३० रुग्णांची मालिका मांडली. रुग्णाला पालथे झोपवून छातीतले काम करायचे, म्हणजे फुप्फुस आपोआप पुढे सरकते आणि रक्त साचून दृश्य झाकले जात नाही, ही त्यांची पद्धत. पुण्यात डॉ. शैलेश पुणतांबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णाला कुशीवर ठेवून हेच काम केले आणि २०१० मध्ये ११२ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला.

लहान छिद्रांचा फायदा नेमका काय, याचे उत्तर चाचण्यांतून मिळाले. युरोपातल्या पाच रुग्णालयांत ११५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘टाइम’ चाचणीत, छाती उघडून अन्ननलिका काढलेल्यांपैकी २९ टक्क्यांना पहिल्या दोन आठवड्यांत फुप्फुसाचा संसर्ग झाला. दुर्बिणीच्या गटात हे प्रमाण ९ टक्के होते. फ्रान्समधल्या ‘मिरो’ चाचणीत पोटातला भाग दुर्बिणीने आणि छातीतला उघडून केला, तेव्हा मोठ्या गुंतागुंतींचे प्रमाण ६४ वरून ३६ टक्क्यांवर आले. जठराच्या सुरुवातीच्या कर्करोगासाठी कोरियात १,४१६ रुग्णांवर झालेल्या ‘क्लास-०१’ चाचणीत पाच वर्षांनी जगलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच, ९३ ते ९४ टक्के, आले. हे आकडे पहिल्या शस्त्रक्रियेचे आहेत. जठरनलिकेच्या कर्करोगासाठी अशी तुलनात्मक चाचणी झालेली नाही आणि रुग्ण इतके विखुरलेले आहेत की ती होणे कठीणच. ज्ञान आहे ते एकेका रुग्णाच्या अहवालांतून आणि छोट्या मालिकांतून, बहुतांशी जपानमधून आलेले. ‘दुर्बिणीने केले तर चांगलेच’ असे सरसकट म्हणणाऱ्याने हे लक्षात घ्यावे.

हे अहवाल जपानमधूनच का यावेत, याला कारणे आहेत. जपानमध्ये जठराचा कर्करोग मुळातच अधिक, एंडोस्कोपीचे, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून आतून तपासण्याचे, जाळे घट्ट, आणि अन्ननलिकेच्या कर्करोगातून वाचलेले रुग्ण वर्षानुवर्षे नियमित तपासणीला येतात. भारतात चित्र वेगळे आहे. देशातल्या कर्करोग नोंदण्यांत जठराच्या कर्करोगाचे सर्वाधिक प्रमाण मिझोराममध्ये, ऐझॉल जिल्ह्यात दिसते; महाराष्ट्रात ते बरेच कमी आहे. मुंबईची लोकसंख्याधारित नोंदणी १९६३ मध्ये सुरू झाली, तर बार्शी, परांडा आणि भूम या ग्रामीण तालुक्यांची १९८७ मध्ये, म्हणून राज्याला ग्रामीण कर्करोगाचे काही वास्तव चित्र मिळाले. मात्र नोंदणीत दुसरा कर्करोग दिसायचा असेल, तर पहिल्यातून रुग्ण पुरेशी वर्षे वाचलेला असावा लागतो आणि त्याची एंडोस्कोपी झालेली असावी लागते. भारतात या दोन्ही अटी आजवर थोड्यांच्याच बाबतीत पुऱ्या झाल्या. त्यातली पहिली आता बदलते आहे. नेदरलँड्समधल्या ‘क्रॉस’ चाचणीने २०१२ मध्ये दाखवले की शस्त्रक्रियेआधी केमो आणि किरणोपचार दिले तर मध्यम आयुर्मान २४ महिन्यांवरून ४९.४ महिन्यांवर जाते. या पद्धतीचे उपचार आता आपल्याकडच्या मोठ्या केंद्रांत नेहमीचे झाले आहेत. दीर्घकाळ जगणारे रुग्ण वाढतील, तसे जठरनलिकेचे कर्करोगही समोर येतील.

नळीत कर्करोग होण्यामागे जठराची जुनी कारणे आणि नव्या जागेची कारणे, दोन्ही असतात. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू अस्तराला वर्षानुवर्षे सूज देतो. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये पर्थमध्ये तो वेगळा केला, १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला मानवात कर्करोग घडवणारा म्हणून पहिल्या वर्गात टाकले, आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. जठराची नळी करताना त्याच्या हालचाली नियंत्रित करणारे व्हेगस मज्जातंतू कापले जातात, त्यामुळे पित्त उलटे नळीत येते आणि तिथे रेंगाळते. सूज, अस्तर झिजणे, अस्तराचे आतड्यासारखे रूप होणे, आणि मग कर्करोग, असा हा क्रम असतो. बहुतेक गाठी नळीच्या खालच्या एक-तृतीयांश भागात, म्हणजे मूळ जठराच्या तळाशी, सापडतात. पहिल्या शस्त्रक्रियेनंतरचा काळ बऱ्याचदा पाच वर्षांहून अधिक असतो. दहा वर्षांनंतर सापडलेल्या गाठीही नोंदलेल्या आहेत. क्वचित गाठ पहिल्या वेळीच होती आणि नजरेतून सुटली, असेही घडते. त्यासाठी अन्ननलिका काढण्याआधी जठराचे सारे अस्तर नीट पाहणे आणि जिवाणूची तपासणी करणे, हे पुढच्या दहा वर्षांच्या दृष्टीने स्वस्तात होणारे काम आहे.

भारतातला अन्ननलिकेचा कर्करोग मुख्यतः स्क्वेमस प्रकारचा असतो आणि त्यामागे तंबाखू, विडी, सुपारी, दारू आहेत. पश्चिम महाराष्ट्रात त्यात मिश्रीची भर पडते. ती दातांना लावणाऱ्या आणि अनेकदा गिळणाऱ्या बायकांना आपण ‘तंबाखू खातो’ असे वाटतच नाही. विचारताना ‘तंबाखू खाता का’ असे विचारून भागत नाही, ‘मिश्री लावता का’ असे विचारावे लागते. या सवयी अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेनंतरही चालू राहिल्या तर तोंड, घसा आणि फुप्फुस यांतही दुसरा कर्करोग होऊ शकतो, म्हणून तपासणीच्या दिवशी केवळ नळी बघून थांबत नाहीत.

लक्षणे फसवी असतात. नळी झालेले जठर मुळातच लवकर भरते, जेवणानंतर जडपणा येतो, पालथे किंवा आडवे पडले की आंबट पाणी घशाशी येते. रुग्णाला हे सवयीचे झालेले असते. ‘पित्त झालंय’ म्हणून तो अँटासिड घेतो आणि पुढे चालतो. घास पुन्हा अडकू लागणे, वजन घटणे, काळे शौच, दमायला लावणारा अशक्तपणा ही लक्षणे उशिराची आहेत. म्हणूनच जपानी सर्जन लक्षणांची वाट न पाहता ठरावीक अंतराने, बहुधा दर वर्षी, एंडोस्कोपी करावी आणि ती आयुष्यभर चालू ठेवावी असे सांगतात. आंबेगाव तालुक्यात घोडेगावच्या पश्चिमेला आहुप्यासारख्या गावात राहणाऱ्या महादेव कोळी रुग्णाला दर वर्षी पुण्याला जाऊन हे करणे म्हणजे जाऊन-येऊन दोनशेहून अधिक किलोमीटर आणि किमान दोन दिवसांची मजुरी. पाच वर्षे उलटली, डॉक्टरांनी ‘आता बरे आहात’ म्हटले की ही फेरी बंद होते, आणि धोका तर तिथून पुढे वाढत जातो. एंडोस्कोपी जवळच्या गावी, मंचर किंवा नारायणगावच्या परिसरात, होऊ शकली तरी चालते. मात्र ती करणाऱ्याला हे जठर आता नळी आहे, सांधा अमुक सेंटिमीटरवर आहे, हे आधी कळलेले असावे लागते.

गाठ अस्तरापुरती असेल, तर पोट किंवा छाती उघडायची गरज बहुधा पडत नाही. एंडोस्कोपीतूनच अस्तराखाली द्रव भरून गाठीसह तो थर एकसंध सोलून काढतात. हे तंत्रही जपानमधूनच आले. नळीत जागा अरुंद असते, जुन्या स्टेपलची रेघ मध्ये येते, अन्न आणि पित्त साचलेले असते. तरीही योग्य निवडलेल्या रुग्णांत हाच पहिला पर्याय मानला जातो. सर्वांत कमी छेदाची शस्त्रक्रिया खरे तर हीच, कारण यात बाहेर एकही छिद्र पाडावे लागत नाही.

गाठ त्याहून खोल गेली असेल, लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचण्याची शक्यता असेल, तर शस्त्रक्रिया लागते आणि तिथे दोन उद्दिष्टे एकमेकांना छेद देतात. जठराच्या खालच्या भागातला कर्करोग ज्या लसिकाग्रंथींत प्रथम पसरतो, त्या उजव्या गॅस्ट्रोएपिप्लोइक धमनीच्या कडेने आणि तिच्या मुळाशी असतात. कर्करोग पुरा काढायचा तर त्या ग्रंथी काढाव्यात, आणि नळीचा वरचा भाग जिवंत ठेवायचा तर त्याच धमनीला धक्का लावू नये. यातून तीन मार्ग निघतात. धमनी राखून तिच्या भोवतालच्या ग्रंथी जमतील तितक्या खरडून काढायच्या आणि नळीचा खालचा भाग कापून उरलेल्याला लहान आतडे जोडायचे; हा मर्यादित मार्ग. दुसरा, धमनी मुळाशी तोडून सारी नळी काढायची आणि मोठ्या किंवा लहान आतड्याची नवी अन्नवाट तयार करायची. कर्करोगाच्या दृष्टीने पुरता, पण रुग्णाला सर्वांत जड. तिसरा मार्ग मधला. वर्षे लोटल्यावर गळ्यातल्या सांध्यामधून काही नळ्यांना नवा रक्तपुरवठा मिळू लागलेला असतो. धमनी तात्पुरती चिमट्यात धरून शिरेतून इंडोसायनिन ग्रीन नावाचे रंगद्रव्य देतात आणि अवरक्त कॅमेऱ्यातून पाहतात. वरचा भाग उजळला, तर धमनी तोडूनही तो वाचू शकतो. काही जपानी सर्जनांनी अशा रीतीने धमनी तोडून वरची नळी राखल्याचे प्रसिद्ध केले आहे. गरज पडलीच तर सूक्ष्मदर्शकाखाली नवी धमनी जोडून रक्त वाढवता येते, पण त्यासाठी प्लास्टिक सर्जन आधीपासून तयार हवा.

यांपैकी कोणता मार्ग, हे केवळ थिएटरमध्ये ठरवायचे नसते. आधी कॉन्ट्रास्ट देऊन सीटी स्कॅन करतात आणि त्यावरून धमन्यांचा त्रिमितीय नकाशा तयार करतात. धमनी नळीच्या कोणत्या बाजूने आहे, उरोस्थीपासून किती अंतरावर आहे, यकृताचा डावा खंड कुठे चिकटला आहे, मोठ्या आतड्याला वापरण्याजोग्या रक्तवाहिन्या आहेत का, हे त्यात पाहतात. मोठे आतडे वापरायची शक्यता असेल तर कोलोनोस्कोपीही करून घ्यावी लागते, कारण नव्या अन्नवाटेतच पॉलिप किंवा गाठ नेऊन बसवणे कुणालाच नको असते. मग निदानासाठी दुर्बीण घालून पोटाच्या पोकळीच्या आवरणावर कर्करोगाचे कण पसरलेले नाहीत ना, हे बघतात. कण सापडले तर मोठी शस्त्रक्रिया रद्द होते, आणि एवढ्यासाठी तरी दुर्बीण आधी घालणे योग्यच ठरते.

पोटातल्या कामात पहिले छिद्र जुन्या व्रणापासून दूर, उघड्या पद्धतीने, म्हणजे थर डोळ्यांनी पाहत करतात. पहिल्या वेळी आहारासाठी आतड्यात नळी बसवलेली असेल तर डाव्या बाजूला चिकटपणा असतो. वर यकृत आणि नळी यांच्यातले चिकट पडदे हळूहळू सोडवतात, धमनीची बाजू शेवटी हाताळतात. श्वासपटलातली मूळची फट नळीने भरलेली असते. ती मोकळी होताच पोटात भरलेला कार्बन डायऑक्साइड छातीत शिरतो, रक्तदाब घसरू शकतो, म्हणून भूलतज्ज्ञाला आधी सांगून दाब कमी करावा लागतो. छातीतले काम त्याहून कठीण. आधी किरणोपचार दिलेल्या रुग्णात नळी आणि श्वासनलिका यांच्यामध्ये नैसर्गिक थर उरलेलाच नसतो. मोठे करून दाखवणारे दृश्य इथे खरोखर उपयोगी पडते, रोबोटच्या मनगटासारख्या वळणाऱ्या हत्यारांनी अरुंद जागेत शिवणेही सोपे होते. पण हाताला मिळणारा स्पर्श नसतो. श्वासनलिकेला भोक पडले किंवा मोठी शीर फाटली तर काही मिनिटांत छाती उघडता आली पाहिजे. म्हणून दुर्बिणीने सुरू करून उघड्या शस्त्रक्रियेकडे वळणे याला अपयश म्हणू नये. रुग्णाच्या संमतिपत्रात ही शक्यता ठळक लिहिलेली असते आणि नातेवाइकांना ती पहिल्या भेटीतच समजावून सांगावी.

व्यवहारात पुष्कळदा मिश्र पद्धत निवडतात. पोटातले काम दुर्बिणीने, छातीतले किंवा उरोस्थीचे उघडून, आणि गळ्यातला सांधा हाताने. गाठ नळीच्या तळाशी असेल आणि श्वासपटलाखालून पोहोचता येत असेल, तर छातीत न शिरता सारे पोटातूनच होऊ शकते. दुर्बिणीचा सर्वाधिक लाभ याच गटाला होतो, असे प्रसिद्ध अहवालांवरून दिसते.

अन्ननलिकेची पूर्वीची शस्त्रक्रिया नेहमी कर्करोगासाठीच झालेली असते असे नाही. आम्लपित्तासाठी जठराचा घुमट अन्ननलिकेभोवती गुंडाळणारी फंडोप्लिकेशन ही शस्त्रक्रिया सर्रास होते. तिच्यात प्लीहेकडच्या आखूड धमन्या बऱ्याचदा तोडतात. अशा माणसाला पुढे जठराच्या खालच्या भागात कर्करोग झाला आणि सर्जनने नेहमीप्रमाणे डावी जठर धमनी तोडून खालचा भाग काढला, तर उरलेल्या वरच्या तुकड्याला पुरेसे रक्त देणाऱ्या धमन्याच शिल्लक राहत नाहीत. म्हणून इथे बऱ्याचदा पूर्ण जठर काढण्याचा निर्णय घ्यावा लागतो. अकॅलेशियासाठी, म्हणजे अन्ननलिकेच्या तळाचा स्नायू सैल न पडण्याच्या आजारासाठी, केलेल्या हेलर शस्त्रक्रियेत धमन्या सहसा तोडल्या जात नाहीत. तिथे अडचण चिकटपणाची, यकृताच्या डाव्या खंडाखाली. ॲसिड प्यायल्याने अन्ननलिका आकसून मोठ्या आतड्याची वाट केलेले रुग्ण हा आणखी वेगळा गट, आणि त्यांच्यात जठरही भाजलेले, आकसलेले असू शकते.

केमोथेरपीचे स्थान इथे पूर्वीपेक्षा पक्के झाले आहे. जठराच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रियेआधी आणि नंतर चार-चार चक्रे द्यायची ‘फ्लॉट’ पद्धत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीत जुन्या पद्धतीपेक्षा सरस ठरली. मध्यम आयुर्मान ३५ वरून ५० महिने झाले. पण ही औषधे जोरकस आहेत, आणि नळीवर जगणारा, आधीच वजन घटलेला रुग्ण ती पुरी सहन करेलच असे नाही. मात्रा कमी कराव्या लागतात. गाठ शेजारच्या महाधमनीत किंवा श्वासनलिकेत शिरली असेल, पोटात पसरली असेल, तर शस्त्रक्रियेचा हट्ट धरू नये. घास जाण्यासाठी जाळीची नळी बसवणे, आतड्यातून आहार देणे, वेदना कमी करणे हेच त्या वेळचे योग्य उपचार असतात.

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या जुन्नर-आंबेगाव तालुक्यांतल्या रुग्णासाठी हा सगळा प्रवास पुणे-नाशिक रस्त्यावरून होतो. घोडेगाव, जुन्नर आणि नारायणगावचे ग्रामीण रुग्णालय, मंचरचे उपजिल्हा रुग्णालय, मग पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय किंवा पुण्याचे ससून, आणि काहींसाठी मुंबईत परळचे टाटा रुग्णालय. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक शस्त्रक्रिया, केमो आणि किरणोपचार येतात. योजनेतल्या रुग्णालयात दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड आणि ओळखपत्र दाखवावे लागते. त्याहून मोलाचा कागद म्हणजे पहिल्या शस्त्रक्रियेची नोंद. नळी कोणत्या वाटेने नेली, कोणत्या धमन्या राखल्या, सांधा दातांपासून किती सेंटिमीटरवर आहे, किरणोपचार किती ग्रे दिले, हे दहा वर्षांनी कुणाच्या स्मरणात नसते. अन्ननलिका काढल्याची जुनी फाईल घरातल्या पत्र्याच्या पेटीत सापडली, तर तिच्यावरून सर्जनचे अर्धे नियोजन पुरे होते. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला एक पानी मराठी नोंद, नळीच्या साध्या चित्रासह, देणे प्रत्येक केंद्राला शक्य आहे. या नोंदीची एक प्रत गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही असावी.

शस्त्रक्रियेनंतर आहार ही मोठी कामगिरी असते. पहिले काही आठवडे पोटावरच्या नळीतून पातळ आहार आतड्यात सोडतात. सांधा भरल्याची खात्री झाल्यावर तोंडाने सुरुवात होते. एका वेळी थोडे, दिवसातून सहा-सात वेळा, आणि खाल्ल्यावर लगेच आडवे न होणे हा नियम. भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून, नाचणीची पेज, वरईचा मऊ भात, अंडे, मूगडाळ हे गावाकडच्या घरात मिळणारे पदार्थ पुरेसे पडतात. गुळाचा गोड चहा आणि साखरेचे पातळ पदार्थ मात्र आतड्यात झपकन उतरतात. मग घाम, धडधड, चक्कर आणि जुलाब होतात. त्याला डंपिंग म्हणतात आणि तो हृदयाचा झटका समजून रुग्ण घाबरून जातो. पाणी जेवणासोबत न पिता मधल्या वेळेत प्यावे. रात्री उशाकडची बाजू उंच ठेवावी. दोन विटा पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली ठेवल्या तरी पुरते.

नळी पूर्ण काढलेल्या रुग्णात जठराचा अंशही उरत नाही, त्यामुळे अन्नातले बी-१२ जीवनसत्त्व शोषून घेण्यासाठी लागणारा घटक तयार होत नाही. यकृतातला साठा काही वर्षे पुरतो, म्हणून कमतरता उशिरा, बहुधा दोन ते पाच वर्षांनी, उघड होते: जिभेची आग, हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणे, अशक्तपणा. लोहाचीही कमतरता सोबत असते, आणि ती रक्ततपासणीत आधी दिसते. बी-१२ ची इंजेक्शने ठरावीक अंतराने आयुष्यभर घ्यावी लागतात. त्यासाठी पुण्याला जायची गरज नाही; औषध आणि डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर गावच्या आरोग्य केंद्रातली परिचारिका ते स्नायूत देऊ शकते, आणि दिल्याची तारीख रुग्णाच्या फाईलवर लिहून ठेवते.